दाढीच्या ब्लेडची धार जाते कुठे?

श्रावण पाळणारी घरे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. महिनाभर दाढीला हात लावायचा नाही, असा नेम असतो. मग पिठोरी अमावास्या होते, गणपती तीन-चार दिवसांवर येतात, घरात साफसफाईची गडबड उडते आणि घरधनी खिडकीत आरसा टेकवून दाढीला बसतात. मोरीच्या कोनाड्यातला रेझर उघडून पाहावा तो ब्लेडच्या कडेला तांबूस ठिपके! "चालेल एकदा" असे म्हणून तेच ब्लेड गालावर फिरते आणि घरधनी हनुवटीवर कागदाचे चिटोरे चिकटवून गणपती आणायला निघतात.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हे चित्र नवे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने मीठ पाझरते, काड्यापेटी सादळते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिथे कागदासारख्या पातळ ब्लेडने तरी किती तग धरावा? पण वाचकहो, गंज हा ब्लेडचा एक शत्रू झाला. त्याहून मोठा शत्रू आपल्याच गालावर उगवतो, आणि त्याला मऊ करायचा उपाय आपल्याच घागरीत असतो. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

"दोन-तीन रुपयांच्या ब्लेडवर एवढा लेख कशाला?" असे कोणी म्हणेल. आपल्या भागात एकाच घरात एक भाऊ शेती पाहतो आणि दुसरा पहाटेच्या लोकलने अंबरनाथ, कल्याण किंवा ठाण्याला कामावर जातो, नाहीतर खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जातो. त्याला रोज दाढी लागते. समजा, एक ब्लेड तीनच दाढ्यांत टाकावे लागले, तर वर्षाला एकशेवीस ब्लेडे झाली. तेच सहा दाढ्या चालले, तर साठ. घरात दाढी करणारे तिघे असले की हिशेब तिप्पट होतो. आणि हल्लीच्या दोन-तीन पात्यांच्या मुंड्या वापरत असाल, तर एकेक मुंडी साध्या दुधारी ब्लेडच्या कितीतरी पट महाग पडते. पैशाची बाब अशी आहे. पैशापलीकडचीही एक बाब आहे, ती पुढे येईलच.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गावचा न्हावी बलुतेदार होता. तो धोकटी घेऊन दारी येई, ओसरीवर बसून हजामत करी आणि सुगीला खळ्यावर आपले बलुते घेऊन जाई. त्याचा वस्तरा जाड पोलादाचा. दर गिऱ्हाइकापूर्वी तो चामड्याच्या पट्ट्यावर परजला जाई आणि अधूनमधून दगडावर लावला जाई. असा वस्तरा बापाकडून मुलाकडे येत असे.

ही रीत मोडली ती अमेरिकेतल्या किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने. बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. एकदा वापरून फेकायची आणि पुन्हा विकत घ्यायची अशी वस्तू काढली तर धंदा कधी थांबायचा नाही, हा विचार त्याच्या डोक्यात तिथेच शिरला. पातळ पोलादी पट्टीला धार लावणे जमत नाही, असे जाणकार त्याला सांगत. शेवटी विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरने ते यंत्र जमवले. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. पुढच्या वर्षी, १९०४ साली, पेटंट मिळाले आणि मग मात्र खपाला धरबंद राहिला नाही.

आपल्याकडे या धंद्यात मल्होत्रा कुटुंबाचे नाव मोठे. कर्जतहून लोकलने ठाण्याला जाणाऱ्यांना वागळे इस्टेट परकी नाही. तिथल्या विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात वर्षानुवर्षे ब्लेडे बनली आणि सुपर-मॅक्स या नावाने परदेशीही गेली. म्हणजे आपल्या गालावर फिरलेले पाते कधीकधी आपल्याच रेल्वेलाइनीवरचे असे.

मुद्दा असा की, ब्लेड ही टाकण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू आहे, आणि आपली घरे काहीच न टाकणारी. सुतळीचा तुकडाही गुंडाळून ठेवणाऱ्या घरात ब्लेड टाकवत नाही. म्हणून ते टाकायचे केव्हा आणि तोवर टिकवायचे कसे, हे दोन्ही कळले पाहिजे.

आता धारेकडे वळू. विळा बोथट का होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. भाताच्या काडात वाळूच्या जातीचे द्रव्य असते, ते लोखंड झिजवते. पण दाढीच्या केसात असले काही नाही. ब्लेडचे पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असते. मग मऊ केस कठीण पोलादाला नमवतो तरी कसा? या कोड्याचे उत्तर मिळायला २०२० साल उजाडावे लागले. निकर्सन ज्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकला होता, त्याच संस्थेतल्या जानलुका रोशोली या संशोधकाने स्वतःचीच दाढी करायची आणि प्रत्येक दाढीनंतर ब्लेडची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, असा उद्योग केला. प्राध्यापक जेम टासान यांच्या प्रयोगशाळेतले हे काम त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले.

त्यांना दिसले ते असे. धार घासून गुळगुळीत होते, ही आपली समजूत पुरी खरी नाही. धारेचे बारीक टवके उडतात. जुन्या कोयत्याला दाते पडतात ना, तसेच, पण डोळ्यांना न दिसण्याइतके लहान. केस सरळ उभा असताना कापला गेला तर फारसे बिघडत नाही. केस वाकला आणि पाते त्याला तिरपे भिडले, म्हणजे धारेच्या एका बिंदूवर सगळा ताण येतो. पोलादही सगळीकडे सारखे नसते. एक कण कडक, शेजारचा जरा मऊ. नेमकी अशी जागा सापडली की तिथला टवका निघतो. एकदा एक टवका निघाला की त्याच्या कडेने दुसरा निघायला वेळ लागत नाही. चौथ्या-पाचव्या दाढीला जी खरखर जाणवते, ती बहुतेक या टवक्यांची असते.

एवढे कळले की निम्मे काम झाले. केस जितका कोरडा आणि ताठ, तितका तो पात्याशी झगडणार. केस पाण्याने फुगून मऊ झाला की पाते त्यातून सहज जाते. सकाळी दव असताना गवत भराभर कापले जाते आणि ऊन चढल्यावर तेच गवत विळ्याला जड लागते, तसाच हा प्रकार.

म्हणून पहिली गोष्ट पाण्याची. दाढी आंघोळीनंतर करावी. ते जमत नसेल, तर कोमट पाण्यात भिजवलेला पंचा दोन-तीन मिनिटे गालावर धरावा. घाईची लोकल असणारे नेमकी हीच तीन मिनिटे वाचवतात आणि ब्लेड गमावतात. नुसते पाणी शिंपडून चालत नाही. केसावर तेल आणि धूळ असते, पाणी त्यावरून ओघळून जाते. आधी साध्या साबणाने तोंड धुवावे, म्हणजे पाणी केसात शिरते.

फेसाचे काम लोकांना वाटते तसे केस मऊ करण्याचे नाही. ते पाण्याचेच काम आहे. फेस ते पाणी धरून ठेवतो आणि पाते घसरते ठेवतो. म्हणून फेस दाट आणि ओला हवा. वाळून पांढरे पापुद्रे धरलेल्या फेसावर ब्लेड फिरवणे म्हणजे कोरड्या ढेकळात नांगर घालणे. अंगाच्या साबणाचा फेस लवकर वाळतो, दाढीच्या साबणाचा टिकतो. एक वडी काही महिने पुरते, तेव्हा तिथे काटकसर करू नये. ब्रश गालावर गोल गोल दोन मिनिटे फिरवावा, म्हणजे लोळलेले केस उभे राहतात. वर सांगितलेच आहे की उभा केस धारेला कमी छळतो.

इथे आपल्या भागातली एक खुबी सांगण्याजोगी आहे. ज्या वाड्यांत बोअरिंगचे पाणी येते, तिथे साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला करडी साय धरते आणि बंबाच्या आत पांढरा थर साचतो. हे जड पाणी. खडकातून झिरपताना त्यात चुन्यासारखे क्षार उतरतात आणि साबण त्यांच्याशीच गुंतून वाया जातो. असे पाणी उकळून निवू दिले, तर क्षाराचा काही भाग तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दाढीला घ्यावे. नदीचे पाणी बहुधा हलके असते. आणि पावसाळ्यात? पागोळीखाली तांब्या धरा. पहिला पाऊस कौले धुऊन गेल्यानंतरचे पाणी घ्या. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पागोळीच्या पाण्याला जो फेस येतो, तो एकदा पाहिला की बोअरिंगच्या पाण्याने दाढी करवत नाही. जो पाऊस ब्लेड गंजवतो, तोच पाऊस ब्लेड राखतोही.

दाढी करताना रेझर दाबायचा नाही. रेझरचे वजन पुरेसे असते. ब्लेड नवे असताना हात हलका असतो, आणि जुने झाले की आपण नकळत जोर वाढवतो. त्या जोराने केस वाकतो, टवके उडतात आणि कातडीही सोलवटते. पात्याचा आणि गालाचा कोन साधारण तीस अंशांचा असावा. हे मोजायला कोनमापक नको. रेझरचा दांडा हळूहळू खाली आणत जावा, केस कापल्याचा बारीक आवाज येऊ लागला की थांबावे. पहिला हात केसांच्या दिशेने फिरवावा. उलटा हात हवाच असेल, तर पुन्हा फेस लावून. दोन-तीन ओढींनंतर रेझर पाण्यात हलवून धुवावा. तो मोरीच्या कठड्यावर किंवा बादलीच्या कडेवर आपटण्याची सवय पुष्कळांना असते. लोखंडी कडेवर धार आपटली की काय होईल, हे लिहायला नको.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी किंवा सणालाच दाढी करणाऱ्यांनी वाढलेले केस आधी कात्रीने बारीक करावेत. लांब केस पात्याखाली लोळतात, अडकतात आणि धारेला तिरपे भिडतात. महिनाभराच्या श्रावणी दाढीवर थेट नवे ब्लेड चालवले, तर ते एकाच बैठकीत अर्धमेले होते.

दुधारी ब्लेड नीट पाहिले, तर काही ब्लेडांच्या कोपऱ्यांवर १, २, ३, ४ असे आकडे छापलेले दिसतील. ते शोभेचे नाहीत. आज कोणती बाजू वर ठेवून दाढी केली, याची खूण राहावी म्हणून ते असतात. आळीपाळीने बाजू बदलली की दोन्ही धारा सारख्या वापरल्या जातात. नाहीतर उजव्या हाताच्या सवयीने एकच धार झिजते आणि दुसरी कोरी असताना ब्लेड फेकले जाते.

आता गंजाकडे येऊ. जुनी ब्लेडे साध्या पोलादाची असत आणि तेलकट कागदात गुंडाळलेली येत. एका रात्रीत त्यांवर तांबेरा चढे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या इंग्रज कंपनीने स्टेनलेस ब्लेडांचा जोर केला आणि मग सगळेच तिकडे वळले. पण स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, असे समजू नये. साबणाचा थर, घामातले मीठ आणि दिवसभर ओली राहणारी जागा मिळाली की तेही डागाळते, आणि ते सुरू होते सर्वांत पातळ जागी, म्हणजे धारेवरच.

म्हणून दाढी झाली की रेझर सैल करावा, वाहत्या पाण्याखाली साबण धुऊन काढावा, चार झटके द्यावेत आणि रेझर उभा ठेवावा. ब्लेड पंच्याने पुसू नये. धारेवर फार पातळ असा घसरता लेप दिलेला असतो, तो खरवडला जातो, आणि बोटही कापते. ठेवायची जागा मोरी नव्हे. पावसाळ्यात तर चुलीजवळचा उबदार कोनाडा किंवा स्वयंपाकघराचे फडताळ बरे, मात्र मुलांचा हात पोचणार नाही इतके उंच. चार-आठ दिवस दाढी करायची नसेल, तर कोरड्या ब्लेडला खोबरेल तेलाचा एक थेंब लावून ठेवावे. तेलाने धार वाढत नाही, पण हवा आणि पाणी लांब राहते. श्रावण सुरू होताना एवढे केले, तर गणपतीला हनुवटीवर चिटोरे लावायची पाळी येणार नाही. तुरटी फिरवायची ती गालावर. तुरटीच्या पाण्यात ब्लेड बुडवून ठेवणारे काहीजण असतात. ते पाणी आंबट जातीचे असते, लोखंडाला खाते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचेही तसेच.

काही जुने उपाय अजून सांगितले जातात. काचेच्या पेल्यात आतल्या बाजूने ब्लेड घासणे हा त्यांतला सर्वांत लाडका. साध्या पोलादाच्या ब्लेडांच्या काळात त्याने मुडपलेली धार थोडी सरळ होत असेल. पण उडालेला टवका काच काही भरून देत नाही, आणि आजच्या ब्लेडांवरचा लेप मात्र काढून टाकते. माझ्या मते हा खटाटोप सोडून द्यावा. त्याहून मजेदार गोष्ट प्रागच्या कारेल द्रबाल यांची. पुठ्ठ्याचा पिरॅमिड करून त्याखाली ब्लेड ठेवले की धार परत येते, असा दावा करून त्यांनी १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकिया सरकारने त्यांना ९१३०४ क्रमांकाचे पेटंट दिलेसुद्धा! धार परत आल्याचे मात्र कोणी पटेलसे दाखवले नाही. पुठ्ठ्याखाली ब्लेड कोरडे राहत असेल, एवढाच त्याचा गुण.

इतके सगळे सांभाळल्यावर साधे ब्लेड तीनाऐवजी पाच-सहा, कोणाचे सात दाढ्या चालेल. केस ओढला जाऊ लागला, आग होऊ लागली, की त्या दिवशी ब्लेड टाकायचे. तिथे चिकाटी नको.

आणि आता ती पैशापलीकडची बाब. ब्लेड जपायचे ते एकाच माणसासाठी. बापाचे मुलाने, भावाचे भावाने वापरायचे नाही. दाढीत न दिसणारे रक्त येतेच. काविळीचा बी जातीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्हीची भीती सर्वांना ठाऊक आहे, या काविळीची नाही. सलूनमध्ये ब्लेडचे अर्धे पाते नव्याने घातले का, हे विचारायला लाजू नये. चांगला कारागीर स्वतःच समोर पुडी फोडून दाखवतो.

घरातल्या बायकांना आणि वाड्यांवरच्या सुईणींना आणखी एक सांगायचे आहे. दाढीचे जुने ब्लेड घरात शिवण उसवायला, पेन्सिलीला टोक करायला वापरतात, तिथवर ठीक. बाळाची नाळ कापायला ते कधीही हातात घेऊ नये, उकळलेले असले तरी. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि मळक्या धारेबरोबर नाळेत शिरतात. नवजात बाळांचा हा धनुर्वात भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. ते आईला दिलेल्या लशीमुळे, दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे आणि नाळेला कोरे ब्लेड वापरल्यामुळे घडले. बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. पण पावसात नाला अडवून बसला आणि १०८ ची गाडी वाडीवर पोचेना, असा प्रसंग आपल्या डोंगरात येऊ शकतो. म्हणून नववा महिना लागला की घरात न फोडलेल्या पुडीतले एक ब्लेड वेगळे ठेवलेले असावे. तीन रुपयांची काटकसर इथे करायची नाही.

शेवटी, संपलेले ब्लेड जाते कुठे? बहुतेक घरांतून ते केराबरोबर उकिरड्यात जाते, उकिरड्यातून खताबरोबर शेतात. एका वर्षी लावणीच्या दिवसांत माझ्या चुलतीच्या टाचेत चिखलातून असे अर्धे पाते शिरले. जखम खोल होती. सुई घेतली, टाके पडले आणि ऐन लावणीत ती पंधरा दिवस घरी बसली. पाते आमच्याच उकिरड्यातले, आमच्याच घरच्या दाढीचे होते. त्या दिवसापासून आमच्याकडे पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर छिन्नीने ब्लेड जाईल एवढी फट पाडून तो फडताळावर ठेवला आहे. वापरलेले ब्लेड फटीतून आत टाकायचे, झाकण उघडायचे नाही. डबा भरायला काही वर्षे लागतात. भरला की फटीवर पत्रा ठोकून तो तसाच भंगारवाल्याला द्यायचा, आणि आत काय आहे ते त्याला आधी सांगायचे.